काचेचं फूल, दीडशे रुपये

गेल्या रविवारी मोहोपाड्याला आमच्याकडे एक जोडपं आलं होतं. कर्जतच्या बाजूला त्यांनी नुकतंच सेकंड होम घेतलंय, बाग करायची चाललीय. वयाने माझ्याएवढेच, आणि बॅगेवरचा कंपनीचा लोगो बघून कळलंच की आपल्याच धंद्यातले. आत्याची काचेची फुलं बघायला आले होते. बाईंनी एक फूल उन्हात धरून फिरवून बघितलं, "कसलं भारी आहे!" म्हणाल्या. किंमत विचारली. आत्याने सहाशे सांगितले. त्यावर नवरा हसून म्हणाला, "काकू, पण आहेत तर जुन्या बशाच ना?"

आत्या काहीच बोलली नाही. माझ्याकडे बघितलं तिने. त्या बघण्याला इतिहास आहे, तोच आज सांगतो.

आधी फूल म्हणजे काय ते. तीन काचेच्या वस्तू एकात एक. मागे मोठी प्लेट, त्यावर नक्षीची बशी, मध्ये वाटी किंवा आइस्क्रीमचा कप. जुन्या काचसामानावर कडेला ज्या लाटा, रेघा, टिंबं असतात त्या एकावर एक आल्या की खरंच पाकळ्या दिसतात. हे सगळं चिकटवून सळईवर बसवायचं आणि सळई कुंडीत किंवा वाफ्यात रोवायची. अमेरिकेत लोक हे बरीच वर्षं करतायत, तिकडे गराज सेलमध्ये जुन्या काचेच्या प्लेट्स ढिगाने मिळतात. आत्याने मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला आणि २०२३ च्या दिवाळीत, साफसफाईत निघालेल्या जोड फुटलेल्या बशांचं पहिलं फूल केलं.

आमच्याकडे जुनी काच कुठून येणार? तर रसायनी-मोहोपाड्याची गोष्टच तशी आहे. रसायनी नावातच रसायन. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, म्हणजे आमच्या भाषेत एचओसी, ही सरकारी कंपनी १९६० ची. तिची मोठी कॉलनी, आणि मोहोपाडा म्हणजे त्या कॉलनीची बाजारपेठ. पगाराच्या आठवड्यात बाजार वेगळा दिसायचा असं घरातले सांगतात. २०१७ साली केंद्र सरकारने एचओसीचं रसायनीचं युनिट बंद करायचा निर्णय घेतला. लोक पांगले, कोणी गावी, कोणी पनवेलला फ्लॅटमध्ये. घर हलवताना सगळ्यात आधी काय सुटतं? शोकेस, आणि शोकेसमधलं सामान. लग्नात आलेले येराचे ग्लास, सहातले चार उरलेले पुडिंगचे बाऊल, ला ओपालाचा डिनर सेट ज्याच्या दोन प्लेट्स कधीच फुटल्या. असलं सामान आमच्याकडच्या भंगारवाल्यांकडे वर्षानुवर्षं पडून असतं, कारण ते कोणालाच नको असतं.

हे "कोणालाच नको" जरा नीट सांगतो, कारण इथे लोकांचा हमखास गोंधळ होतो. बाटलीला भंगारात भाव आहे. बियरची बाटली धुऊन परत भरली जाते, फुटली तरी वितळवून नवी बाटली होते, आणि हे कितीही वेळा करता येतं. ताट-वाट्यांचं तसं नाही. बोरोसिलची काच वेगळी, ती जास्त तापमानाला वितळते, बाटलीच्या भट्टीत तिचे तुकडे गेले तर ते नीट न वितळता गाठीसारखे राहतात आणि बाटली तिथेच कमकुवत होते. ओपलची पांढरी काच तर पारदर्शकही नाही. म्हणून बाटल्यांचा कारखाना हे सामान घेत नाही. थोडक्यात, बाटलीला रंग देऊन आत दिव्यांची माळ सोडणारे आपण सगळे (मीही केलंय, हॉस्टेलवर) जी वस्तू तशीही उपयोगात जाणार होती ती अडवून ठेवतो. आत्या जे वापरते ते खरंच खड्ड्यात जाणारं असतं. तिला यातलं काही माहीत नव्हतं, तिला बशा आवडल्या एवढंच.

आता किंमत. इथे मी मध्ये पडलो.

आत्याला किंमत सांगता यायची नाही. कोणी विचारलं की "द्या हो काय द्यायचं ते." मला याचा राग यायचा. नंतर लक्षात आलं की ती हे सगळं शिकली कुठे? रुखवतात. आमच्या घरातल्या निदान सात-आठ लग्नांची रुखवतं तिने केलीत. बाटलीची बाहुली, आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला, डाळी-तांदळाचा गणपती, मण्यांचं तुळशी वृंदावन. दोन-दोन महिने दुपारच्या झोपा मोडून केलेलं काम एका टेबलावर मांडायचं, वरपक्षाच्या बायका येऊन "छान हो, हाताला वळण आहे" म्हणणार, आणि संपलं. रुखवताची किंमत विचारत नाहीत. विचारली तर वाईट दिसतं. आता रुखवत भाड्याने मिळतं, तयार विकतही मिळतं, म्हणजे त्याला भाव आहे हे बाजाराला कळलं. ज्या पिढीने ते फुकट केलं तिच्या जिभेवर मात रुपये येत नाहीत. त्यात आपल्याकडे घरातली जुनी वस्तू हा वेगळाच हिशेब असतो. बोहारणीला पाच साड्या देऊन एक पातेलं घेताना आपण अर्धा तास घासाघीस करतो, पण पातेल्यासाठी नाही, आपल्या साड्यांची लाज राखायला!

तर मी इंजिनिअर. मी एक्सेल उघडलं. काच ४० रुपये, सळई ३०, सळई कापून रंग द्यायचे १५, चिकटवायला १५. एकूण १००. शेजारच्या पट्ट्यातल्या एका नर्सरीवाल्याशी बोललो, तो दीडशेला घ्यायला तयार झाला, आणि मी छाती काढून आत्याला सांगितलं, "फुलामागे ५० सुटतात. ५० टक्के मार्जिन. व्हॉल्यूम कर." तिने मार्च ते मे २०२४ मध्ये ४० फुलं केली.

त्या शीटमध्ये एक कॉलम नव्हता. वेळेचा. एका फुलाला धुणं, जुनी लेबलं खरवडणं, जोड्या जमवणं (याला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि इथेच कला आहे), चिकटवणं असं धरून दीड तास जातो. ४० फुलं म्हणजे ६० तास. मी रोज टाइमशीट भरतो, पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत भरतो, आणि माझ्या आत्याचे ६० तास मला दिसले नाहीत.

पुढे जे झालं तेही माझ्याच डोक्याने. चिकटवायला कोणतं घ्यायचं हे तिने मला विचारलं होतं. मी म्हटलं एपॉक्सी, सगळ्यात मजबूत. मजबूत आहेच, पण कडक आहे. उन्हात पिवळं पडतं, गुळगुळीत काचेवर ओल शिरली की हळूहळू पकड सोडतं. रायगडात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. जुलै उजाडला आणि फोन सुरू झाले. ११ फुलं सुटली. त्यातली काही फरशीवर पडून फुटली. लहान मुलं असलेल्या घरात फुटलं असतं तर काय, हा विचार करून मला आजही कसंतरी होतं.

आत्याने अकराही फुलांचे पैसे परत केले. १,६५०. मी देतो म्हटलं तर "तू नोकरी कर" एवढंच म्हणाली. ४० फुलांत सुटले होते २,०००. राहिले ३५०. साठ तासांचे साडेतीनशे. तुम्हीच भागाकार करा, मी केलाय.

दुसरी गोष्ट एका गिऱ्हाईकाने दाखवून दिली, आणि ती जास्त गंभीर होती. फुलं आकाशाकडे तोंड करून उभी होती. म्हणजे प्रत्येक फूल एक वाटी. वाटीत पावसाचं स्वच्छ पाणी. डेंग्यूचा डास नेमका असल्याच पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार. पावसाळ्यात "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा" अशी पाटी आरोग्य केंद्रावर असते, आणि आम्ही लोकांच्या बागांमध्ये डासांचे पाळणे विकत होतो.

माझा सल्ला बंद झाल्यावर आत्याने स्वतः शोधून काढलं. एपॉक्सी गेलं, न्यूट्रल सिलिकॉन आलं, काचेच्या खिडक्यांना वापरतात ते. ते रबरासारखं लवचीक राहतं. (व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन असतं, ते धातूला खातं.) बशीला वर्षानुवर्षांचा तेलाचा थर असतो, तो नुसत्या साबणाने जात नाही, शेवटी स्पिरिटने पुसावं लागतं. आणि मग आठवडाभर हात लावायचा नाही, कारण सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने सुकतं आणि दोन काचांच्या मध्ये हवा सावकाश पोचते. भोक पाडायच्या फंदात ती पडत नाही. काही ओपल प्लेट्स टफन केलेल्या असतात, ड्रिल टेकवलं की चुरा.

आणि पाण्याचा प्रश्न तिने कसा सोडवला? चपटीने! म्हणजे क्वार्टरची काचेची चपटी बाटली. प्लेटच्या पाठीला चपटीची सपाट बाजू चिकटवायची, बाटलीचं तोंड खाली, आणि सळई त्या तोंडातून आत. फूल आपोआप समोर बघतं, आकाशाकडे नाही. सळई जरा पुढे वाकवली की सूर्यफुलासारखी मान खाली आणि पाणी ओघळून जातं. फक्त भंगारवाल्याकडे जाऊन "काचेच्या चपट्या आहेत का, वीस द्या" हे मला सांगायला लागतं. पहिल्यांदा त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं होतं.

आता मूळ मुद्दा. "जुन्या बशाच ना?" हा प्रश्न विचारणारा माणूस वाईट नाही. तो हिशेब करतोय की कच्चा माल फुकट, म्हणून वस्तू स्वस्त हवी. पण मग आपलं काय? आपल्या कोडमध्ये कच्चा माल किती लागतो? वीज आणि चहा. आपण तास विकतो. क्लायंटला डॉलरमध्ये तासाचं बिल जातं आणि तो कधी म्हणत नाही की अहो, अक्षरंच तर टाइप केलीत. आपण मात्र फुलातली काच मोजतो.

"कचऱ्यातून कला" हे शब्द म्हणूनच मला आता नको वाटतात. ऐकायला कौतुक आहे, पण पहिला शब्दच कचरा आहे, आणि गिऱ्हाईक भाव तिथूनच सुरू करतं. चंदीगडचं रॉक गार्डन घ्या. नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि कपबशांतून माणसं-प्राणी उभे केले, १९७६ मध्ये ते लोकांना खुलं झालं, आणि आज आपण तिकीट काढून आत जातो. खिडकीवर कोणी म्हणत नाही की बांगड्या फुटक्या आहेत, निम्मे घ्या. जवळचं उदाहरण म्हणजे आपल्या गच्च्यांवरचं चायना मोझॅक. फुटक्या फरश्यांचे तुकडेच ते. कारागीर मजुरी स्क्वेअर फुटावर घेतो आणि आपण देतो, कारण गच्ची गळायला नकोय.

आणि इथे दुसऱ्या बाजूलाही बोललं पाहिजे. "हाताने केलंय, बाईमाणसाने केलंय, पर्यावरणाचं आहे, म्हणून घ्या" हेही मला पटत नाही. घाट चढून गेलं की तळेगाव. लोकांकडून एकेक पैसा जमवून उभ्या केलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तिथे काच कारखाना निघाला. पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगल्यांचा, त्यांचा प्रभाकर कंदील घराघरांत होता. स्वदेशी म्हणून पहिला कंदील कोणी घेतलाही असेल. दुसरा घेताना माणूस बघतो की वाऱ्यात टिकतो का. गळून पडणाऱ्या फुलाचे दीडशेही जास्तच होते, हे मला मान्य आहे. जुलै २०२४ च्या आधी आत्याने सहाशे मागितले असते तर मी गिऱ्हाइकाच्या बाजूने असतो.

सहाशे कुठून आले? आता काच आणि सिलिकॉन धरून खर्च दोनशेच्या घरात जातो. वेळ दोन तास, कारण दोनदा पुसणं आणि तपासणं आलं. तासाला दोनशे रुपये. हा आकडा मी सुचवला तेव्हा तिला जास्त वाटला. मी तिला माझा बिलिंग रेट सांगितला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मग तुला एवढे कशाचे देतात?" याचं उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही.

कुरिअरने पाठवणं आम्ही सोडून दिलंय. सहाशेच्या वस्तूला पॅकिंग आणि भाडं मिळून जवळपास तेवढेच, वर फुटलं तर भांडण. ज्याला हवं तो येऊन घेऊन जातो. महिन्याला सात-आठ जातात. कोणाचं घर यावर चालणार नाही, पण तिचे स्वतःचे पैसे आहेत आणि ते ती कोणाला विचारून खर्च करत नाही.

रविवारचं जोडपं "विचार करून सांगतो" म्हणून गेलं. मी जाता जाता त्यांना चपटी आणि सिलिकॉन वगैरे सगळं दाखवलं, नवरा मन लावून ऐकत होता, सळई हलवूनही बघितली त्याने. अजून फोन नाही. येईलही.

आत्याने त्यांना अंगणातली पाच फुलंही दाखवली, निळ्या वाट्यांची. बाईंना तीच हवी होती. ती मात्र मिळणार नाहीत, असं तिने तिथल्या तिथे सांगून टाकलं. पहिल्यांदाच तिने एकात एक चार काचा लावल्यात, आणि एक पावसाळा त्यांनी आमच्या अंगणात काढल्याशिवाय ती त्यांची किंमत सांगणार नाहीये.