रॅकेट घरी ठेवा



आज जरा कडू लिहिते आहे. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

कार्तिकी पौर्णिमा झाली की साधू-साध्वींचा विहार सुरू होतो आणि आपल्या मंडळांच्या सहलीही. भंडारा तलावांचा जिल्हा, त्यामुळे बहुतेक सहली पाण्याकाठीच निघतात. रावणवाडीचा तलाव, गावोगावचे मामा तलाव, गोसेखुर्द धरणाचा वैनगंगेवरचा फुगवटा. आमचीही गेली. चौदा बायका, नऊ लेकरं, सहा तंबू आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नावेतून फेरफटका.

तंबू लागले, दिवस कलला आणि डास आले. माझ्या जावेने मुलाला लावायला क्रीम काढलं, तर एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "राहू दे गं. डास हाही परिषहच. लेकरांना सहन करायची सवय लागू दे." जाऊबाईंनी ट्यूब परत बॅगेत टाकली. मोठ्यांपुढे बोलायचं कसं? मीही गप्प बसले, ते माझं चुकलंच.

साडेआठच्या सुमारास त्याच तंबूतून चटचट आवाज यायला लागला. विजेची रॅकेट! मुलं मोजत होती, "सतरा, अठरा!" माझा नऊ वर्षांचा पुतण्या मला विचारतो, "काकू, डास चउरिंद्रिय ना? पाठशाळेत तसंच शिकवलंय." काय उत्तर द्यावं?

बाराव्या दिवशी त्याला हुडहुडी भरून ताप आला. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. वेळेत औषध मिळालं, पोरगं बरं झालं. पण त्या आठवड्यात जावेच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

आता माझं म्हणणं. बावीस परिषहांत दंशमशक पाचवा, हे मलाही ठाऊक आहे. उत्तराध्ययनाचं दुसरं अध्ययन परिषहांवरच आहे. महावीरस्वामींच्या अंगावर चार महिन्यांहून जास्त काळ जीव चढत-चावत राहिले आणि ते स्थिर राहिले, असं आचारांग सांगतं. पण ते त्यांनी स्वतःच्या देहावर घेतलं होतं. दुसऱ्याच्या लेकराच्या देहावर परिषह लादायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? आणि सहन झालं नाही की रॅकेट उचलायची, ही कुठली तपस्या? आरंभात, म्हणजे चुलीपाण्याच्या कामात, श्रावकाच्या हातून हिंसा घडते, तिच्याकडे समजून पाहिलं जातं. ठरवून, नेम धरून जीव मारणं ही संकल्पी हिंसा. ती श्रावकालाही सोडायला सांगितली आहे. रॅकेट हे दुसरं काय आहे?

कॉइलचंही तेच. पायरेथ्रॉइडचा धूर डासाला पाडतो आणि बंद जागेत लेकरांच्या छातीत जातो. तंबूत कॉइल पेटवणं म्हणजे शिवाय आगीशी खेळ. कडुनिंबाचा धूर नैसर्गिक खरा, पण उघड्यावरच्या शेकोटीत किती पतंग-चिलटं झेपावतात ते एकदा बसून बघा.

मग करायचं काय? गंमत अशी, की आपल्या घरात जे आधीपासून आहे त्यातच अर्धं उत्तर आहे. मलेरिया पसरवणारी डासीण (चावते ती मादीच, अंड्यांसाठी तिला रक्त लागतं, नर फुलांच्या रसावर जगतो) अंधार पडायच्या सुमारास निघते आणि पहाटेपर्यंत फिरते. चौविहार पाळणाऱ्या घराचं जेवण तोवर आटोपलेलं असतं. रात्री चूल नाही, दिवा नाही, दिव्याकडे येणारे किडे नाहीत. सहलीला गेलं की हाच नियम आपण आधी मोडतो आणि मग डासांना शिव्या घालतो. सूर्यास्तानंतर गप्पा जाळीत बसून माराव्यात. डेंग्यूची डासीण मात्र दिवसाची. सकाळी आणि मावळतीआधी तिचा जोर असतो. म्हणून पूर्ण बाह्या, पायघोळ कपडे दुपारनंतर घातलेलेच बरे. फिकट रंगाचे घ्या, गडद रंगाकडे डास जास्त ओढले जातात.

तंबू पाण्याला खेटून लावायची हौस सोडा. डास दुबळा उडणारा जीव, वाऱ्यापुढे त्याचं काही चालत नाही. भर पाण्यात नावेत त्रास नसतोच फारसा. त्रास असतो काठाला, बेशरमीच्या झुडपांत, लव्हाळ्यात, जलपर्णीत. आमचे नावाडी दादा तेच म्हणाले, "बाई, दिवस बुडायच्या आत काठ सोडा." काठापासून दूर, उंच, उघड्या जागी तंबू लावा. गवतात बसायचं तर पायजमा मोज्यात खोचा, गोचीड असतात. नाव काठावर ठेवायची तर उपडी ठेवायला सांगा. उताणी राहिली की पावसाचं पाणी साचतं, त्यात अळ्या होतात आणि मग ते पाणी उपसताना हजारो जीव जातात. घरच्या कूलरचं तेच. उन्हाळा संपला की कोरडा करून पुसून ठेवला, तर पुढे मारायची वेळच येत नाही. याला मी जयणा म्हणते.

क्रीमबद्दल. डीईईटी हा पदार्थ 1946 सालापासून अमेरिकन सैन्य वापरत आलंय. तो डासाला मारत नाही, जवळ येऊ देत नाही इतकंच. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला लावू नका, डोळ्यांजवळ, मुलांच्या तळहातांना, कपड्याखाली नको. झोपताना जाळीत गेलात की धुऊन टाका. गवती चहाचं तेलही चालतं, पण लवकर उडून जातं, परत परत लावावं लागतं. "हे म्हणजे डासाच्या आहारात अंतराय" असं एकीने ऐकवलं. असेल. पण रॅकेटने जळण्यापेक्षा उपाशी परतलेली डासीण जिवंत तर असते!

मच्छरदाणी मी साधी घेते, औषध लावलेली नाही. औषधाच्या जाळीला टेकलेला डास मरतो. ज्या गावात मलेरिया घरोघरी आहे तिथल्या बाईने औषधाची जाळी लावली तर मी तिला बोल लावणार नाही. कडा चटईखाली नीट खोचा, अंग जाळीला टेकू देऊ नका. आत एखादी राहिलीच, तर सकाळी रक्त पिऊन जड झालेली बसलेली असते. ग्लास उपडा घालायचा, खालून कागद सरकवायचा, बाहेर सोडायची. अर्धं मिनिट लागतं.

आणि "डासाने काय होतं" म्हणणाऱ्यांनी माझ्या सासूबाईंचा डावा पाय बघावा. पूर्व विदर्भात हत्तीरोग नवा नाही. तो एका सहलीत होत नाही; वर्षानुवर्षं चावे घेत राहिल्यावर होतो. त्या देरासरात सगळ्यांच्या मागे बसतात, पाय पदराखाली घेऊन. का, ते कुणाला सांगत नाहीत. त्यांनी आयुष्यभर सहनच केलं.

पुढची सहल माघात ठरते आहे. ग्रुपवर मी लिहून टाकलंय, मच्छरदाणी प्रत्येकीने आपली आणायची, क्रीम मी आणते, आणि जिच्या बॅगेत रॅकेट असेल तिला नावेत जागा नाही. कालपासून चोवीस जणींनी वाचलंय. उत्तर अजून फक्त जावेचं आलंय.