झाकणाला भोक हवे!

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाच्या वाट्याला आपल्या समाजात दोनच प्रकारची वागणूक येते. गाडी चालू असली की लोक गाडीचे छायाचित्र काढतात, आणि बंद पडली की मालकाचे काढतात! या दोहोंच्या मधे तिला साधी गाडी मानायला कोणी तयार नाही. नाशिकच्या इंदिरानगरात माझ्या दाराशी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी उभी असते. शेजारचे काका रोज सकाळी फुलांची परडी सावरीत विचारतात, “काय मास्तर, मोडीत कधी घालताय?” आणि रविवारी येणारे हौशी पाहुणे म्हणतात, “मास्तर, ही रस्त्यावर कशाला काढता? झाकून ठेवा की!” एकाला ती भंगार वाटते, दुसऱ्याला देव्हाऱ्यातली मूर्ती. माझे भांडण दोघांशीही आहे. गाडी मोडीत घालणारा आणि गाडी काचेच्या पेटीत घालणारा हे मला सख्खे भाऊ वाटतात. गाडी चाललेली दोघांनाही नको असते.

दिवाळीच्या फराळाच्या ताटात भांडण वाढू नये, हे मला कळते. परंतु काटा नसलेली चकली आणि भांडण नसलेला दिवाळी अंक मला तरी गोड लागत नाही.

प्रथम माझ्या पापाची कबुली देतो. ही गाडी मी घेतली तेव्हा मीही दुसऱ्या भावाच्याच पंथातला होतो. तिला नव्या नवरीसारखी नटवायची, एवढाच ध्यास. दोन महिने पत्र्याचे काम चालले, लांबी भरून घासून झाली, रंगाचे हात चढले. रंगाऱ्याने इतक्या प्रेमाने काम केले की पेट्रोलच्या टाकीचे झाकणसुद्धा त्याने आतून-बाहेरून रंगवून काढले. गाडी आरशासारखी चमकू लागली. आणि चालेनाशी झाली.

म्हणजे निघायची झोकात. तीनेक किलोमीटर गेले की खोकायची, आचके द्यायची आणि महामार्गाखालच्या इंदिरानगरच्या बोगद्याजवळ प्राण सोडायची. मागे वाहनांची रांग, तिच्यामागे भोंग्यांचा जागर. पंधरावीस मिनिटांनी पुन्हा किल्ली फिरवली की जणू काही घडलेच नाही अशा थाटात सुरू! असे चार वेळा झाले आणि चारही वेळा जागा तीच. आमच्या गल्लीत चर्चा सुरू झाली की बोगद्यापाशी ‘काहीतरी’ आहे. एका मावशींनी लिंबू-मिरची आणून बांधली. मी शाळेत विज्ञानही शिकवतो. तरीही पाचव्या खेपेस बोगदा दिसताच मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणू लागलो, हे खोटे कशाला सांगू?

एका चकचकीत गॅरेजमध्ये गाडी नेली. त्यांनी पेट्रोलचा पंप बदलला, कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला, प्लग बदलले. बदलला नाही तो फक्त गाडीचा स्वभाव. शेवटी द्वारकेच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये बसणारे एक वृद्ध मिस्त्री गाठले. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. सगळी हकीकत ऐकून एवढेच विचारले, “बंद पडते तेव्हा टाकीचं झाकण उघडून पाहिलंत का?” पुढच्या वेळी उघडून पाहिले. ‘फुस्स’ असा आवाज करीत हवा आत शिरली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. झाकणाला एक सुईएवढे भोक असते. पेट्रोल जसजसे संपते तसतशी तेवढ्या जागेत त्या भोकातून हवा येते. आमच्या रंगाऱ्याने ते भोक रंगाने बुजवले होते. टाकीत निर्वात पोकळी तयार व्हायची, पंप बिचारा ओढून ओढून थकायचा. भूत नव्हते, बाधा नव्हती. आम्ही तिचे नाक दाबून तिला नटवले होते! मिस्त्रींनी सौभाग्यवतींकडून एक टाचणी मागून घेतली आणि काम संपले. मजुरी म्हणून ते चहा प्याले.

एवढ्यावर सुटका झाली असे समजू नका. पुढच्याच आठवड्यात सेल्फ मारताना चोकची तार तापून लाल होऊ लागली आणि डॅशबोर्डातून धूर निघाला. “गाडीलाही आता विडीचं व्यसन लागलं वाटतं,” असा शेरा घरातून मिळाला. कारण पुन्हा रंगच! इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेले असते, म्हणून विजेला परतायला तांब्याची एक जाड वेणी इंजिनापासून सांगाड्यापर्यंत बांधतात. ती वेणी रंगाच्या जाड थरावर आवळली होती. मोठी वाट बंद, म्हणून सेल्फचा सगळा प्रवाह बिचाऱ्या चोकच्या तारेतून घरी परतत होता. रुपयाएवढी जागा खरवडली, आणि धूर थांबला.

तिसरी गंमत अशी की स्टिअरिंग डावीकडे वळवले की भोंगा आपोआप वाजायचा. हा शोध मला पंचवटीत एका घरी समाचाराला गेलो असताना, माणसे खाली मान घालून बसली असताना लागला. परतताना केवळ उजवी वळणे घेत मी पाऊण तासाने इंदिरानगर गाठले. स्टिअरिंगच्या दांड्यातल्या वायरीचे कातडे झिजले होते, एवढेच.

या तीन फजित्या मी करमणुकीसाठी सांगितल्या नाहीत. त्यांतून माझा मुद्दा निघतो. जुन्या गाडीचे दुखणे कितीही विचित्र असो, त्याला कारण असते आणि ते कारण डोळा, कान, हात आणि थोडी अक्कल यांना सापडते. मी मॅट्रिक झालेला माणूस. हवेचा दाब मला पाठ होता. पण तो कळला त्या टाचणीच्या टोकाशी. आणि हे ज्ञान गाडी उभी ठेवून मिळत नाही. दोन महिने ती अंगणात चमकत उभी असताना तिच्यात एकही दोष नव्हता! दोष चालताना दिसतात आणि चालतानाच दुरुस्त होतात. माणसांचेही तसेच आहे, पण तो विषय वेगळ्या लेखाचा.

आता नियमांकडे वळतो. २०२१ साली केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरील, मूळ रूपात राखलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क. मान मोठा, पण मेख अशी की अशी गाडी नेहमीच्या कामासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच ती बाहेर येणार. म्हणजे सत्कार करायचा आणि शालीने तोंड बांधायचे! दुसऱ्या टोकाला दिल्लीत २०१५ साली हरित लवादाने आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मज्जाव केला. गाडीची प्रकृती न पाहता केवळ पत्रिका पाहून. आमची पद्मिनी या दोहोंच्या कात्रीत आहे. वीस वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क २०२५ च्या ऑगस्टमध्ये १०,००० रुपये झाले, म्हणून ती म्हातारी. आणि पन्नाशी २०२८ मध्ये, म्हणून तोवर ती वारसा नव्हे. त्या साली एका रात्रीत ती ओझ्याची ठेव होईल. गाडी तीच, मालक तोच, धूरही तोच!

इथे कोणी म्हणेल, मास्तर, धुराचे काय? हा आक्षेप खरा आहे आणि मी त्याला बगल देत नाही. कार्ब्युरेटरची जुनी गाडी दर किलोमीटरला नव्या गाडीपेक्षा पुष्कळ अधिक विषारी वायू सोडते. तिच्यात सुरक्षेची आजची साधने नाहीत. म्हणूनच रात्रंदिवस शहरात फिरणाऱ्या जुन्या टॅक्सीची बाजू मी घेणार नाही. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. तिने आपली चाकरी पुरी केली. पण महिन्यातून दोनदा त्र्यंबकला जाऊन येणाऱ्या गाडीला आणि त्या टॅक्सीला एकच माप लावणे हा न्याय नव्हे. धूर मोजा, ब्रेक तपासा, पत्रा ठोकून पाहा; नापास झाली तर खुशाल मोडीत घाला, मी स्वतः हार घालीन. परीक्षा घ्या, एवढेच माझे म्हणणे. जन्मतारीख पाहून कोणी विद्यार्थ्याला नापास करीत नाही.

मुंबईतली ती टॅक्सी गेली तेव्हा वृत्तपत्रांनी निरोपाचे लेख लिहिले, आणि एक तरी गाडी जपून ठेवा अशी मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने केली होती. मागणी योग्यच. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या माणसाने १९४४ साली जो मोटारींचा उद्योग उभारला, त्याच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघत असे. परंतु गाडी जपाल आणि मिस्त्री गमावाल, तर जपलेत काय? कसारा घाटात इंजिन तापले, नळीतच पेट्रोलची वाफ झाली, तर पंपावर ओले फडके कुठे टाकायचे. प्लॅटिनम पॉइंटची फट किती ठेवायची. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने फुगलेली जुनी रबरी नळी कोणत्या नळीने बदलायची, हे कोणत्याही काचेच्या पेटीत ठेवता येत नाही. ते हातात राहते, आणि हात चालता राहिला तरच राहते. द्वारकेच्या त्या मिस्त्रींचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. त्याचा दोष नाही. जुन्या गाड्या दारात येईनाशा झाल्या.

विलायतेत १९०५ पूर्वीच्या मोटारी दर वर्षी नोव्हेंबरात लंडनहून ब्रायटनपर्यंत रस्त्याने जातात. मूळची दौड १८९६ ची, आणि तिच्या स्मरणार्थ १९२७ पासून ही प्रथा चालू आहे. वाटेत कित्येक बंद पडतात, मालक पावसात भिजत पान्हे फिरवतात, आणि लोक टाळ्या वाजवतात. तिथे बंद पडणे ही नामुष्की नाही; न निघणे ही नामुष्की आहे.

आपण मात्र दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, लिंबू चाकाखाली चिरडतो आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला भाव विचारतो, किंवा आच्छादन घालून तिची समाधी बांधतो. माझी विनंती एवढीच आहे: या दिवाळीत ज्याच्या घरी जुनी गाडी, सायकल, शिवणयंत्र वा रेडिओ असेल त्याने त्यावरची धूळ न पुसता आधी ते चालवून पाहावे. बिघडेल, बिघडू द्यावे. मिस्त्रीला बोलवावे, आणि घरातल्या पोराला शेजारी उभे करावे.

पाडव्याच्या सकाळी मी आमची पद्मिनी घेऊन बोगद्यातून जाणार आहे. काकांना पुढच्या सीटवर बसवायचे ठरवले आहे. ते यायला तयार आहेत, पण म्हणाले, “टाचणी बरोबर घ्या.”