विश्लेषण : क्राफ्ट बिअरला पाचपैकी चार स्टार, पण हे स्टार देतं कोण?

रेटबिअर ही वेबसाइट १ फेब्रुवारी २०२५ रोजी बंद झाली. २००० सालापासून जगभरातले हौशी लोक तिथे बिअरला गुण द्यायचे. पुण्यात या बातमीची फारशी चर्चा झाली नाही. मुंढव्यातल्या किंवा बाणेरच्या मायक्रोब्रुअरीत काय मागवायचं, हे आता रील, गुगलचे स्टार आणि अनटॅप्डसारखी अ‍ॅप ठरवतात.

पण रेटबिअरच्या गोष्टीत आपल्या कामाचा एक धडा आहे. बडवायझर बनवणाऱ्या एबी इनबेव्ह कंपनीने या साइटमध्ये हिस्सा घेतल्याचं २०१७ मध्ये उघड झालं. बिअर विकणाराच परीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर अमेरिकेतल्या डॉगफिश हेड या ब्रुअरीने ‘आमचे रिव्ह्यू काढून टाका’ अशी मागणी केली. २०१९ मध्ये ही साइट पूर्णपणे एबी इनबेव्हच्या मालकीची झाली.

पुण्यात हे सगळं सुरू कधी झालं?

२००९ मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली. राज्यातल्या मायक्रोब्रुअरींची सुरुवात इथूनच मानली जाते. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आलंय. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत ब्रिटिश सैनिक देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असायचे. कंटाळून त्यांचं डोकं फिरायचं आणि त्यावरून ‘डूलाली’ हा शब्द इंग्रजीत वेडसर या अर्थाने रुळला. पुढे २०१४ मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली आणि त्यानंतर शहरात अशा जागा वाढत गेल्या.

इथली बिअर स्वस्त नाही. त्यात नोव्हेंबर २०२३ पासून बार आणि परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट ५ टक्क्यांवरून १० टक्के झाला. त्यामुळे पहिला ग्लास मागवण्याआधी रिव्ह्यू बघणं साहजिक आहे.

मग अडचण काय आहे?

भारतात दारूची जाहिरात करता येत नाही. केबल टीव्हीच्या नियमांमध्ये तिला बंदी आहे आणि महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम २४ मध्येही मद्याच्या जाहिरातींना मनाई आहे. मोठ्या कंपन्यांनी यातून पळवाट काढली. त्याच नावाचा सोडा, त्याच नावाचं पाणी. चार टाक्या असलेल्या ब्रुअरीला हे परवडत नाही. तिच्याकडे उरतो तो ग्राहकाचा रिव्ह्यू. तो आपोआप आला नाही, तर रील बनवणाऱ्यांना टेस्टिंगला बोलावलं जातं.

इथे कायद्याची गंमत सुरू होते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने इन्फ्लुएन्सरसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसेच नव्हे, तर फुकट मिळालेली वस्तू, सवलत किंवा सहल घेतली असेल तरी ती ठळकपणे सांगायला हवी, असं त्यात म्हटलंय. शाम्पूच्या बाबतीत हे सोपं आहे. ‘ही जाहिरात आहे’ एवढं लिहिलं की काम झालं. बिअरच्या बाबतीत मात्र ‘ही जाहिरात आहे’ असं लिहिलं, तर ती दारूची जाहिरात ठरते, आणि तिलाच बंदी आहे. नाही लिहिलं, तर ग्राहकापासून माहिती लपवल्यासारखं होतं. म्हणजे प्रामाणिकपणे कबूल करणाराच आधी अडचणीत येणार.

याचा फटका दोघांना बसतो. ग्राहकाला कौतुक विकतचं आहे की खरं, ते कळत नाही. आणि जी ब्रुअरी कोणाला फुकट पाजत नाही, तिची चांगली बिअर रीलवर दिसतच नाही.

रिव्ह्यू खरा असला, तरी भरवशाचा असतो का?

दरवेळी नाही. कारखान्यातली बाटली सहसा पाश्चराइझ केलेली आणि गाळलेली असते. महिन्याभराने प्यायली तरी चवीत फार फरक पडत नाही. मायक्रोब्रुअरीतली बिअर बहुतेकदा तशी नसते. एल प्रकारची बिअर साधारण दोन-तीन आठवड्यांत तयार होते, टाकीतून नळात येते, आणि टाकी बदलली की चव थोडी सरकते. मार्चमधला स्टार जूनमधल्या ग्लासला लागू होईलच असं नाही.

जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, हेफेवायझन, हे चांगलं उदाहरण आहे. तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळं किंवा लवंग घातलेली नसते. हे वास यीस्ट तयार करतं. बिअर कोणत्या तापमानाला आंबवली यावर केळं वर येणार की लवंग, हे बऱ्याच अंशी ठरतं. ‘इसेन्स घातलाय’ म्हणून एक स्टार देणाऱ्याने खरं तर बिअर बरोबर जमल्याची तक्रार केलेली असते.

उलट खरे दोष बरेचदा सुटून जातात. लोण्याचा किंवा थिएटरमधल्या पॉपकॉर्नचा वास येत असेल, तर अनेकदा यीस्टला काम पूर्ण करायला वेळ मिळालेला नसतो. उकडलेल्या मक्याचा वास असेल, तर उकळण्यात किंवा त्यानंतर थंड करण्यात गडबड असू शकते. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअर शिळी झाली, तिला हवा लागली. आणि मुळात आंबट नसलेल्या बिअरला व्हिनेगरसारखी चव असेल, तर नळाच्या पाइपांकडे बोट दाखवायला हरकत नाही. बर्फासारख्या थंड ग्लासात यातलं बरंचसं लपतं, म्हणून पहिला घोट घेण्याआधी दोन मिनिटं थांबावं.

बिअर स्पर्धांमध्ये वापरली जाणारी बीजेसीपी ही पद्धत यासाठीच उपयोगी आहे. तिच्यात ५० गुण असतात: चवीला २०, वासाला १२, तोंडात कशी लागते याला ५, एकूण परिणामाला १० आणि दिसण्याला फक्त ३. रीलचा बहुतेक वेळ मात्र याच तीन गुणांवर जातो. शिवाय तिथे बिअर कोणाची आहे हे परीक्षकाला सांगत नाहीत आणि ती आपल्या प्रकारात कशी आहे, एवढंच बघतात. अ‍ॅपवर हलक्या पिल्सनरची तुलना थेट दहा टक्के अल्कोहोलच्या स्टाउटशी होते, आणि जगभरच्या वरच्या याद्या अशा जड, कडक बिअरनीच भरलेल्या दिसतात. चांगली पिल्सनर बनवणं जास्त अवघड आहे, कारण तिच्यात चूक लपवायला जागाच नसते.

मग टेबलावर काय करायचं?

ग्लास मागवण्याआधी घोटभर चाखायला मागा. बहुतेक ठिकाणी देतात. चार-पाच प्रकार चाखणार असाल, तर हलक्यापासून कडवट आणि कडक बिअरकडे जा, नाहीतर आयपीएनंतर गव्हाची बिअर पाण्यासारखी लागेल. छोटे ग्लास असले तरी अल्कोहोलची बेरीज होतेच, त्यामुळे गाडी घरी ठेवा. राज्यात बिअरसाठी वयाची अट २१ आहे.

रिव्ह्यू वाचताना तारीख बघा आणि बिअरचं नाव आहे का बघा. ‘अँबियन्स भारी’ एवढंच लिहिलेले पाच स्टार खुर्च्यांना दिलेले असतात. वेटरला मात्र एक प्रश्न जरूर विचारा: नळाचे पाइप शेवटचे कधी धुतले? अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनच्या शिफारशीनुसार ते दर १४ दिवसांनी धुवायला हवेत.