मळ्यात शेतकरी, माजघरात गुन्हेगार

मागच्या जिल्हा बैठकीत एका तरुण द्राक्ष बागायतदाराने प्रश्न विचारला. आधी मांडवात हशा पिकला, मग सगळे गप्प झाले. त्याच्या बागेत यंदा मणी बारीक राहिले. गोडी भरपूर, पण फुगवण नाही म्हणून व्यापाऱ्याने माल नाकारला. बेदाण्याच्या शेडवर नंबर लागेना. तो म्हणाला, "यातली क्विंटलभर द्राक्षे घरी पिंपात आंबवून घरच्यापुरती वाईन केली, तर मला धरतील का?"

उत्तर सरळ आहे. धरतील. 1949 सालचा मुंबई दारूबंदी कायदा आज महाराष्ट्राच्या नावाने चालतो. वाईन, बीअर, ताडी आणि भट्टीची दारू हे सगळे त्यात 'दारू' या एकाच शब्दात कोंबले आहे. परवान्याशिवाय ती तयार करणे गुन्हा. विकायला केली की सणाला पाहुण्यांपुढे ठेवायला केली, याने गुन्हा टळत नाही. द्राक्ष पिकवले तोवर तो अन्नदाता. तेच द्राक्ष पिंपात आठ दिवस राहिले की आरोपी.

इतर देशांत काय चालते ते पाहू. इंग्लंडमध्ये घरी बीअर करायला 1880 पासून परवाना लागत असे. 1963 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. अमेरिकेत घरच्या वाईनला आधीपासून मुभा होती, बीअरला नव्हती. 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केली आणि केंद्राच्या कायद्यात तीही आली. एका प्रौढ माणसाला वर्षाला 100 गॅलन, घरात दोन प्रौढ असतील तर 200 गॅलन. अट एकच, विकायची नाही. 200 गॅलन म्हणजे साडेसातशे लिटर! तिथला कारकून, मास्तर, गॅरेजवाला सुटीच्या दिवशी हा छंद म्हणून करतो. कोणी लोणचे घालावे तसे.

छंदाला हसू नका. कॅलिफोर्नियातल्या चिको गावचा केन ग्रॉसमन सायकली दुरुस्त करत घरी बीअर करायला शिकला. 1980 साली त्याने सिएरा नेव्हाडा या कारखान्याची पहिली बीअर काढली. आज तो अमेरिकेतल्या नावाजलेल्या कारखान्यांपैकी एक आहे. हंड्याएवढ्या भांड्यात चुका करून माणूस शिकतो, तेव्हा नुकसान हंड्याएवढेच होते. आपल्याकडे आधी कर्ज, मग कारखाना आणि शेवटी शिक्षण, असा उलटा क्रम आहे.

तरी कोणी हुरळून जाऊ नये. अमेरिकेतच 1920 ते 1933 दारूबंदी होती. बहुतेक वाईनरी बंद पडल्या, पण घरी फळांचा रस करून ठेवण्याची सवलत कायद्यात राहिली. शहरांतली कुटुंबे आगगाडीने आलेली द्राक्षे पेट्यांनी घेऊन घरी आंबवू लागली. कॅलिफोर्नियात द्राक्षाचे भाव भडकले, जो तो वेली लावू लागला आणि काही वर्षांतच भाव कोसळले. घरच्या पिंपाने बाजार तरत नाही. आमच्या तरुण मित्राच्या क्विंटलभर द्राक्षांची फार तर साठ-सत्तर लिटर वाईन होईल. बाग मात्र एकरी दहा टन माल देते. भावाची लढाई वेगळी आहे आणि ती बाजारातच लढावी लागेल.

मग या पिंपाचा आग्रह कशासाठी? कारण माल पिकवायचा शेतकऱ्याने आणि त्यावर प्रक्रिया करायची दुसऱ्याने, ही रेघ कोणी ओढली ते त्यात दिसते. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या मोडून दारूचे उत्पादन सरकारच्या मर्जीतल्या मक्तेदारांकडे गेले. 1892 साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा वेगळा कायदा झाला. झाडावरून पडलेले फूल घरात साठवणे हाच गुन्हा ठरला. गोऱ्या साहेबाला आदिवासीच्या प्रकृतीची काळजी नव्हती, त्याला महसूल हवा होता. साहेब गेला, त्याचा हिशेब मात्र राहिला. मोहफुलांवरची बंधने सैल व्हायला आपल्या राज्यात 2021 साल उजाडावे लागले. शेजारच्या मध्य प्रदेशात 2022 च्या धोरणानुसार आदिवासी बचत गट मोहाची दारू रीतसर तयार करून विकू शकतात.

द्राक्षाचेही तेच. 2001 साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क झाले, अबकारी करात सवलती मिळाल्या. चांगले झाले. पण बहुतेक शेतकरी त्यात कच्च्या मालाचा पुरवठादारच राहिला. 2008 नंतर मंदी आली, वाईनरींच्या टाक्या भरून राहिल्या, तेव्हा नाशिक भागात वाईनची द्राक्षे घ्यायला कोणी नव्हते. कित्येकांनी बागा उपटल्या. त्या द्राक्षाचे पुढे काय करायचे ते ज्ञान घरात नव्हते आणि करून पाहण्याची मुभाही नव्हती.

आता आमच्या मायबहिणींचे ऐकू. बैठकीत हशा थांबला तो मागच्या रांगेतली एक बहीण उभी राहिली म्हणून. ती म्हणाली, "दुकान आडवं करायला आम्ही दोन वर्षं झटलो. आता ते दुकान माझ्या माजघरात आणता का?" या प्रश्नाला बगल देऊन पुढे जाणारा कार्यकर्ता आमचा नव्हे. दारूने गेलेले संसार आम्ही गावोगाव पाहिले आहेत. बाटली कारखान्याची होती की पिंप घरचे होते, याने मार खाणाऱ्या बाईचे दुःख कमी होत नाही.

पण दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. आंबवणे वेगळे आणि भट्टी लावून गाळणे वेगळे. आंबवताना यीस्ट रसातली साखर खाते आणि तिचे अल्कोहोल करते. बावीस ब्रिक्स गोडीच्या रसाची साधारण बारा टक्क्यांची वाईन होते. पंधरा टक्क्यांच्या आसपास बहुतेक यीस्ट आपणच थांबते. कडक दारू हवी तर भट्टीच लावावी लागते. 2015 साली मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली, ती कारखान्यात वापरायचे मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. घरच्या पिंपातले धोके निराळे. भांडे अस्वच्छ असेल तर रसाचे व्हिनेगर होते. आंबणे पुरते थांबण्याआधी बाटलीला घट्ट बूच मारले तर ती फुटून डोळा जाऊ शकतो. हे शिकवता येते. ज्याला चोरून करावे लागते त्याला मात्र कोणी शिकवत नाही.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार मुद्दे ठेवत आहोत. एक, घरी आंबवणे आणि भट्टी लावणे हे कायद्यात वेगळे करावे. भट्टीला मुभा मागू नये. दोन, स्वतःच्या शेतातल्या फळाची वर्षाला शंभर लिटरपर्यंत वाईन घरच्यापुरती करण्यास परवाना लागू नये. विक्री केली तर गुन्हा. तीन, नोंद ग्रामपंचायतीत, घरच्या कर्त्या बाईच्या संमतीने. ती संमती केव्हाही काढून घेता यावी. गावातल्या महिलांनी नको म्हटले तर त्या गावात ही मुभाच नको. चार, ज्याला शिकून विकायचे आहे त्याला लहान वाईनरीचा परवाना गुंठाभर जागेत आणि झेपेल अशा शुल्कात मिळावा.

या मुद्द्यांवर महिलांनी आधी बोलावे, पुरुषांनी नंतर. त्यांनी तिसरा मुद्दा अपुरा ठरवला तर तो बदलू. सगळाच प्रस्ताव नको म्हटला तर तेही याच पानावर छापू.

त्या तरुण मित्राला आमचे सांगणे इतकेच. यंदा पिंप भरू नकोस. कायदा आज आहे तसा आहे, आणि क्विंटलभर द्राक्षांसाठी घरावर धाड यावी असे आम्हाला वाटत नाही. पण तो प्रश्न सोडू नकोस. तालुक्याच्या बैठकीत विचार, आमदार गावात आला की त्याला विचार. आणि त्याआधी घरी जाऊन बायकोला विचार.