शून्य किमतीचे विमान

बँकेत असताना मार्चनंतर कर्जदारांचे ताळेबंद टेबलावर येऊन पडत. यंत्रसामग्रीवर दरवर्षी घसारा लावता लावता तिची किंमत कागदावर जवळजवळ शून्य होई. आम्ही त्या शून्यावर निमूट सही करीत असू. निवृत्तीनंतर एका विमानाची हकिकत वाचली आणि त्या सह्यांविषयी शंका येऊ लागली.

ऑक्टोबर १९३४ मध्ये इंग्लंडमधील मिल्डेनहॉल ते मेलबर्न अशी विमानांची शर्यत झाली. तिच्यासाठी डी हॅविलंड कंपनीने ‘कॉमेट’ ही लाकडी विमाने बांधली. त्यांतले लाल ‘ग्रोव्हनर हाउस’ बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर असे टप्पे घेत सुमारे ७१ तासांत पोहोचले आणि जिंकले. पण विजयाची आठवण किती दिवस पुरणार? महायुद्धाच्या काळात हेच विमान ग्रेव्हसेंडला उघड्यावर पडून होते.

१९६५ मध्ये ते शटलवर्थ संग्रहाकडे आले. अनेक माणसे वर्षानुवर्षे खपली आणि १९८७ मध्ये ते पुन्हा उडाले. २००२ मध्ये त्याची चाके दगा देऊन गेली. एवढे मोलाचे विमान आता काचेआड ठेवावे, असे कोणालाही वाटेल. मला ते पटत नाही. पंखावर स्प्रूस लाकडाच्या पातळ पट्ट्या तिरप्या कशा बसवायच्या, ही विद्या हातात राहते, आणि हाताला काम नसेल तर ती विसरली जाते. २०१४ मध्ये विमान पुन्हा आकाशात गेले, ते योग्यच झाले.

याच शर्यतीत एमी जॉन्सन आणि जिम मॉलिसन या दांपत्याचे ‘ब्लॅक मॅजिक’ होते. वाट चुकून ते जबलपूरला उतरले. तिथे विमानाचे इंधन नव्हते, म्हणून बसगाड्यांचे पेट्रोल भरले. इंजिने बिघडली आणि अलाहाबादेत त्यांची शर्यत संपली. पुढे पोर्तुगालमध्ये सापडलेले त्याचे अवशेष इंग्लंडमध्ये आणून हौशी मंडळींनी ते नव्याने उभे करायला घेतले. हरलेल्या विमानासाठीही माणसे आयुष्यातली वर्षे देतात, याचे मला अधिक अप्रूप वाटते.

आपल्याही माळ्यावर आजीचे शिवणयंत्र असेल. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी ते दुरुस्त करणारा कारागीर गावात उरला आहे का, याची चौकशी करा. आणि त्याच्याकडे जाताना नातवाला सोबत न्या.