वतन: हक्क आणि बेडी
‘वतन’ हा मूळचा अरबी शब्द. अर्थ राहण्याचे ठिकाण, जन्मभूमी. उर्दू-हिंदीत तो आजही मायदेश सांगतो. जुन्या मराठी कागदपत्रांत मात्र वतन म्हणजे गावकीतला पिढीजात अधिकार, त्याची कामगिरी आणि तिच्या बदल्यात मिळणारी जमीन वा मानपान. हे अर्थ एकमेकांपासून तुटलेले नाहीत. जिथे आपला हक्क वंशपरंपरेने चालतो तेच आपले गाव, ही समजूत त्यांना जोडते. कुणी म्हणेल, हा अर्थ फारसी कारभारातून आयता आला. खरे आहे, राजपुतांच्या वडिलोपार्जित मुलखाला मोगलही ‘वतन जागीर’च म्हणत. पण पाटील-कुलकर्ण्यांपासून महारांपर्यंत अवघा गावगाडा या एका शब्दात बसवला तो मराठी मुलखाने. म्हणूनच या शब्दाकडे नुसत्या अभिमानाने पाहणे अपुरे आहे. वतनाने पाटलाला मान दिला, महाराला तुटपुंज्या मोबदल्यात राबवले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्तीसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले ते याच कारणाने. माणसाला मातीशी जोडणारा हक्क त्याला जातीशी जखडूही शकतो. वतनाचा अर्थ सांगताना या दोन्ही बाजू सांगितल्याच पाहिजेत.