वाट विचारत जाण्याचा खेळ
२००२ साली आलेल्या ‘मॉरोविंड’ या व्हिडिओ गेममध्ये कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही. पूल ओलांडून डावीकडे वळा, एवढंच कुणीतरी सांगतं. पुढचं आपण शोधायचं. असं चालत जाणं खऱ्या जगातही आहे: आदिलाबाद जिल्ह्यात केसलापूरच्या नागोबा जत्रेसाठी मेश्राम कुळातले लोक गोदावरीचं पाणी आणायला आजही पायी जातात. चालल्यानेच मुलूख ओळखीचा होतो, आणि या खेळाचं मोठेपण त्यातच आहे.

दोष लहान नाहीत. तलवार अंगावर आलेल्या खेकड्याला लागलेली डोळ्यांना दिसते, तरी आतल्या फाशांच्या हिशेबात वार फुकट जातो. पात्र दमलेलं असेल तर बऱ्याचदा. सांगितलेली वाट कधी चुकीची निघते, हा आक्षेपही रास्तच. पण त्यावर उपाय वाट नीट सांगणं हा होता. नंतरच्या खेळांनी बाण दिला आणि खेळाडूची नजर मुलखावरून काढून त्या बाणावर खिळवली.